युतीची पाच वर्षे आणि पालघरची जागा

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांनी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्यांच्यासह दहा जणांनी शपथ घेतली आणि ते सारे भाजपचे होते. शिवसेनेचा एकही मंत्री व्यासपीठावर नव्हता. शेवटच्या क्षणापर्यंत फोनाफोनी झाल्यावर उद्धव ठाकरे समारंभाला आले, पण पक्ष सरकारबाहेरच राहिला. पाच आठवड्यांनी, ५ डिसेंबरला, सेनेच्या दहा जणांनी शपथ घेतली आणि पुढे पाच वर्षे चाललेल्या युती सरकारची खरी सुरुवात झाली. मधल्या काळात जे घडले, त्याचे व्रण या सरकारवर शेवटपर्यंत राहिले. मंत्रिमंडळाचा प्रत्येक विस्तार, प्रत्येक खातेबदल आणि प्रत्येक पोटनिवडणूक त्या जुन्या हिशेबाशी जोडली गेली. डहाणू, तलासरी, रानशेत, कासा या आदिवासी पट्ट्याचा पालघर लोकसभा मतदारसंघ २०१८ मध्ये या भांडणाचे रणांगण झाला, आणि २०१९ मध्ये समेटाच्या अटींपैकी एक.

भांडणाचे मूळ समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८९ च्या सुमारास हिंदुत्वाच्या मुद्द्यावर सेना आणि भाजप यांची युती झाली. तिची वाटणी ढोबळमानाने ठरलेली होती. विधानसभेच्या जास्त जागा सेना लढवी, लोकसभेच्या जास्त जागा भाजप लढवी. १९९५ मध्ये सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार निवडून आले. अपक्षांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. राज्यात सेना थोरला भाऊ, हे समीकरण त्यातून पक्के झाले. बाळासाहेब ठाकरे आणि भाजपचे नेते यांच्यातील व्यक्तिगत संबंधांनी अनेक वाद निभावून नेले. बाळासाहेबांचे २०१२ मध्ये निधन झाले. मुंडे जून २०१४ मध्ये अपघातात गेले. जी दोन माणसे एकमेकांना थेट फोन करून गाठी सोडवत, ती दोन्ही निवडणुकीच्या तोंडावर नव्हती.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात भाजपला २३ आणि सेनेला १८ जागा मिळाल्या. भाजपला वाटले, आता थोरलेपण बदलायला हवे. सेनेला ते मान्य होणे शक्य नव्हते. २५ सप्टेंबर २०१४ रोजी २५ वर्षांची युती तुटली. त्याच दिवशी राष्ट्रवादीने काँग्रेसशी काडीमोड घेतला. ऑक्टोबरच्या निकालात भाजप १२२, सेना ६३, काँग्रेस ४२ आणि राष्ट्रवादी ४१ असे आकडे आले. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. भाजपला २३ कमी पडत होते, आणि निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला. या एका घोषणेने सेनेचा सौदा करण्याचा जोर निम्मा झाला. भाजपला सेना हवी होती, पण त्याचे सेनेवाचून अडलेले नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांत सेनेची झालेली ओढाताण सर्वांना दिसत होती. ९ नोव्हेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळाचा विस्तार होता. सेनेचे खासदार अनिल देसाई राज्यमंत्रिपदाच्या शपथेसाठी दिल्लीला गेले आणि विमानतळावरूनच परत फिरले. त्याच दिवशी सेनेचे जुने नेते सुरेश प्रभू यांनी भाजपमध्ये प्रवेश करून कॅबिनेट मंत्रिपदाची शपथ घेतली. राज्यात सेनेने विरोधी पक्षनेतेपद घेतले आणि एकनाथ शिंदे त्या खुर्चीवर बसले. १२ नोव्हेंबरला फडणवीस यांनी आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव जिंकला तेव्हा सेनेने त्याला विरोध केला. तीन आठवड्यांनी तेच शिंदे त्याच सरकारात मंत्री झाले.

५ डिसेंबरच्या वाटपात सेनेला पाच कॅबिनेट आणि पाच राज्यमंत्रिपदे मिळाली. सुभाष देसाईंना उद्योग, दिवाकर रावतेंना परिवहन, रामदास कदमांना पर्यावरण, डॉ. दीपक सावंतांना आरोग्य, एकनाथ शिंदेंना रस्ते विकास महामंडळाशी संबंधित सार्वजनिक बांधकाम (उपक्रम) खाते मिळाले. सेनेने उपमुख्यमंत्रिपद मागितले होते, ते मिळाले नाही. गृह खाते मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवले, महसूल एकनाथ खडसेंकडे आणि अर्थ सुधीर मुनगंटीवारांकडे राहिले. ज्या खात्यांतून पोलीस, जमीन आणि तिजोरी हलते, त्यांपैकी एकही सेनेच्या वाट्याला आले नाही.

युती सरकारात खात्यांना एवढे महत्त्व येण्यामागे एक कायदेशीर कारणही आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधून टाकला. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ ही कमाल मर्यादा. पूर्वी नाराज मित्राला किंवा बंडखोर आमदाराला समजावायचे तर एक नवे मंत्रिपद तयार करता येई. आता एकाला घ्यायचे तर दुसऱ्याला वगळावे लागते किंवा रिकामी जागा राखून ठेवावी लागते. फडणवीस यांनी सुरुवातीला सगळ्या जागा भरल्याच नाहीत. त्या रिकाम्या जागांच्या आशेवर मित्रपक्ष आणि स्वपक्षातील इच्छुक दोघांनाही थोपवून धरता येत होते.

या वाटपाचा अर्थ पालघरमध्ये नीट उलगडतो. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या आणि मच्छीमारांची गावे, रेल्वेच्या पूर्वेला रानशेत, कासा, तलासरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत वारली, कोकणा, कातकरी, ठाकर यांची वस्ती. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे इथल्या लोकांच्या रोजच्या जगण्याशी आदिवासी विकास खात्याचा संबंध इतर कोणत्याही खात्यापेक्षा जवळचा. हे खाते पहिल्याच दिवशी वाड्याचे विष्णू सवरा यांच्याकडे गेले. सवरा सहा वेळा निवडून आलेले आमदार, भाजपचे या भागातील सर्वांत जुने नेते. २०१४ मध्ये ते विक्रमगडमधून आले होते. जिल्ह्याचे पालकमंत्रिपदही त्यांच्याकडे आले. आदिवासी जिल्ह्याला आपला माणूस त्या खात्याचा मंत्री म्हणून मिळाला, ही मोठीच गोष्ट होती.

पण कुपोषणासारखा प्रश्न एका खात्यात मावत नाही. आश्रमशाळा आणि आदिवासी योजना सवरांकडे म्हणजे भाजपकडे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, डॉक्टर आणि औषधे दीपक सावंतांकडे म्हणजे सेनेकडे. अंगणवाडी आणि पोषण आहार पंकजा मुंडे यांच्या महिला व बालविकास खात्याकडे. सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील खोच येथे कुपोषणाने दगावलेल्या मुलाच्या घरी सवरा गेले तेव्हा ग्रामस्थांचा संताप उसळला. बालमृत्यूंच्या प्रश्नावर त्यांच्या तोंडून गेलेल्या उद्गारांमुळे राज्यभर टीका झाली. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनीही या प्रश्नात लक्ष घातले. मंत्र्याचे बोलणे असंवेदनशील होतेच. पण ज्या बाळाला अंगणवाडीचा आहार, आरोग्य केंद्राचा डॉक्टर आणि आईला मजुरी एकाच वेळी मिळायला हवी, त्याच्यासाठी तीन मंत्र्यांनी एकत्र बसणे भाग होते. हे मंत्री एकमेकांवर उघड टीका करणाऱ्या दोन पक्षांत विभागले गेले होते. एकपक्षीय सरकारातही खात्यांत समन्वय नसतो हे खरे, पण युतीत तो न होण्याला राजकीय कारण मिळते आणि जबाबदारी कोणाची हा प्रश्न सुटतच नाही.

दरम्यान सरकारातली पहिली मोठी पडझड भाजपमध्येच झाली. भोसरीच्या जमीन प्रकरणावरून आरोप झाल्यावर महसूलमंत्री एकनाथ खडसे यांनी ४ जून २०१६ रोजी राजीनामा दिला. ज्येष्ठतेने मुख्यमंत्रिपदाचा दावा सांगणारा नेता बाहेर पडला. महसूल चंद्रकांत पाटील यांच्याकडे गेले. ८ जुलै २०१६ च्या विस्तारात पांडुरंग फुंडकर, जयकुमार रावल, सुभाष देशमुख, संभाजी पाटील निलंगेकर आदींना स्थान मिळाले. छोट्या मित्रपक्षांतून राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर आणि स्वाभिमानीचे सदाभाऊ खोत आले. सेनेला अर्जुन खोतकर आणि गुलाबराव पाटील ही दोन राज्यमंत्रिपदे मिळाली. सेनेला हवे असलेले वजन यातूनही मिळाले नाही.

याच फेरबदलात पंकजा मुंडे यांचे जलसंधारण खाते काढून राम शिंदे यांना देण्यात आले. मुंडे तेव्हा जागतिक जलपरिषदेसाठी सिंगापूरला निघाल्या होत्या. आता त्या खात्याची मंत्री नसल्याने परिषदेला जाणार नाही, असे त्यांनी ट्विटरवर जाहीर केले. सरकारच्या प्रतिनिधी म्हणून जरूर जावे, असे उत्तर मुख्यमंत्र्यांनीही ट्विटरवरूनच दिले. खातेबदलाचा राग पूर्वी बंद दाराआड व्यक्त होई, तो आता जाहीर लिहिला जाऊ लागला. छोट्या पक्षांना जवळ घेण्याची किंमतही लवकरच दिसली. सदाभाऊ खोत मंत्री झाले आणि त्यांचे संघटनेचे नेते राजू शेट्टींशी बिनसले. ऑगस्ट २०१७ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटना सत्ताधारी आघाडीतून बाहेर पडली, खोत मात्र मंत्रिमंडळात राहिले.

सेनेचा विरोध आता सरकारच्या आतून चालला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीविरुद्ध ममता बॅनर्जी यांनी राष्ट्रपती भवनावर काढलेल्या मोर्चात सेनेचे खासदार सामील झाले. २६ जानेवारी २०१७ ला गोरेगावच्या मेळाव्यात उद्धव ठाकरे यांनी यापुढे युती नाही, असे जाहीर केले. फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या २२७ पैकी सेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. भाजपने महापौरपदाची निवडणूक न लढवता ‘पहारेकरी’ म्हणून राहण्याचे ठरवले. सेनेचे मंत्री खिशात राजीनामे घेऊन फिरतात, हे वाक्य त्या काळात राज्यभर गाजले. ते राजीनामे कधीच खिशाबाहेर आले नाहीत. कारण उघड होते. सेनेचे आमदार मतदारसंघात कामे करून देण्यासाठी मंत्र्यांवर अवलंबून होते, आणि सेना बाहेर पडली तर राष्ट्रवादी मदतीला येईल किंवा सेनेतच फूट पडेल, ही भीती खरी होती. २३ जानेवारी २०१८ रोजी सेनेच्या राष्ट्रीय कार्यकारिणीत २०१९ च्या निवडणुका स्वबळावर लढण्याचा ठराव झाला, तरी मंत्री कामावर राहिले.

२०१८ च्या उन्हाळ्यात हे सगळे डहाणू-तलासरीच्या दाराशी आले. मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला चालत आला. त्यात वनहक्काचे दावे मंजूर व्हावेत म्हणून आलेल्या आदिवासींची संख्या मोठी होती आणि ठाणे-पालघर भागातील माणसेही होती. वारल्यांच्या १९४५ मध्ये सुरू झालेल्या उठावापासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी उभी केलेली ही लाल बावट्याची परंपरा तलासरीत आजही जिवंत आहे. मोर्चा सरकारविरुद्ध होता, पण त्याच सरकारातले सेनेचे मंत्री एकनाथ शिंदे मोर्चेकऱ्यांना भेटून गेले आणि आदित्य ठाकरेही भेटले. सरकारच्या वतीने भाजपचे गिरीश महाजन चर्चा करत होते.

एप्रिलमध्ये नाणारचा प्रसंग झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध उद्धव ठाकरे यांची २३ एप्रिलला नाणारला सभा होती. उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तिथेच भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याची घोषणा केली. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी सांगितले, की हे देसाईंचे व्यक्तिगत मत आहे, निर्णय झालेला नाही, तो उच्चाधिकार समिती घेईल. सामूहिक जबाबदारी हे संसदीय मंत्रिमंडळाचे मूळ तत्त्व. खात्याचा मंत्री जाहीर करतो तो निर्णय की नाही, हेच एका दिवसात अनिश्चित झाले. नाणारच्या शेतकऱ्याला आपली जमीन जाणार की राहणार, हे त्या दिवशी कोणीही सांगू शकत नव्हते.

पालघरमध्ये तोवर पोटनिवडणूक येऊन ठेपली होती. खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले होते. तलासरी तालुक्यातील कवाड्याचे वनगा व्यवसायाने वकील. कम्युनिस्टांचा बालेकिल्ला मानल्या गेलेल्या भागात त्यांनी भाजप उभा केला. १९९६ आणि १९९९ मध्ये ते डहाणू मतदारसंघातून, तर २०१४ मध्ये पालघरमधून लोकसभेवर गेले. २०१४ मध्ये त्यांना ५,३३,२०१ मते पडली आणि बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव यांच्यावर त्यांनी २,३९,५२० मतांनी मात केली. ती निवडणूक सेना-भाजपने एकत्र लढवली होती.

वनगा कुटुंबीयांची तक्रार अशी होती, की निधनानंतर पक्षाने त्यांची विचारपूस केली नाही आणि नेते भेट देत नाहीत. ३ मे रोजी कुटुंबाने ‘मातोश्री’वर जाऊन सेनेत प्रवेश केला. चिंतामण वनगांचे चिरंजीव श्रीनिवास सेनेचे उमेदवार ठरले. उमेदवारी वनगा कुटुंबातच देणार होतो, असे भाजपने सांगितले आणि काही दिवसांतच काँग्रेसचे राजेंद्र गावित यांना पक्षात घेऊन त्यांना तिकीट दिले. गावित मूळचे नंदुरबारचे, पालघरचे माजी आमदार आणि काँग्रेस आघाडी सरकारात आदिवासी विकास राज्यमंत्री राहिलेले. भाजपच्या खासदाराचा मुलगा सेनेचा उमेदवार झाला आणि काँग्रेसचा माजी मंत्री भाजपचा. कालपर्यंत वनगांसाठी राबलेल्या भाजपच्या कार्यकर्त्यांना त्यांच्याच मुलाविरुद्ध मते मागावी लागली. मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसणारे दोन पक्ष लोकसभेच्या जागेसाठी प्रथमच असे समोरासमोर आले.

प्रचार कडवट झाला. सेनेने मुख्यमंत्र्यांच्या आवाजातली म्हणून एक ध्वनिफीत सभेत ऐकवली. तिच्यात साम, दाम, दंड, भेद वापरण्याची भाषा होती. ध्वनिफीत अर्धवट दाखवली आहे, असे म्हणत फडणवीस यांनी पूर्ण फीत निवडणूक आयोगाकडे देण्याची तयारी दाखवली. वसई-विरारमधील उत्तर भारतीय मतदारांसाठी योगी आदित्यनाथ यांची सभा झाली. त्यांनी उद्धव ठाकरेंवर केलेली टीका आणि तिला ठाकरेंनी दिलेले उत्तर या दोन्हींत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव ओढले गेले. डहाणूच्या चिकू बागायतदाराला, वाढवण बंदराची धास्ती घेतलेल्या मच्छीमाराला, बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा महामार्गात जमीन जाणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला या प्रचारात फार थोडी जागा मिळाली. सेना या प्रकल्पांविरुद्ध बोलत होती. तरी ज्या सरकारात ती होती त्याच सरकारची यंत्रणा जमिनी मोजत होती. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि १९९६ पासून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने त्याची राखण केली. तालुक्यातील मोठ्या प्रकल्पांना खरा अटकाव या प्राधिकरणाने आणि न्यायालयाने केला, मंत्रिमंडळातील विरोधाने नव्हे.

२८ मे रोजी मतदान झाले. अनेक केंद्रांवर मतदान यंत्रे बिघडल्याच्या तक्रारी आल्या. ३१ मे रोजी निकाल लागला. राजेंद्र गावित २,७२,७८२, श्रीनिवास वनगा २,४३,२१०, बळीराम जाधव २,२२,८३८, माकपचे किरण गहला ७१,८८७ आणि काँग्रेसचे माजी खासदार दामू शिंगडा ४७,७१४. भाजप २९,५७२ मतांनी जिंकला. उद्धव ठाकरे यांनी हा निकाल मान्य नसल्याचे सांगून निवडणूक आयोगावर टीका केली. चार वर्षांपूर्वी दोन लाखांच्या वर गेलेले मताधिक्य तीस हजारांच्या आत आले होते आणि तेही विरोधी मते तीन ठिकाणी फुटल्यामुळे. जाधव, गहला आणि शिंगडा यांची बेरीज ३,४२,४३९ होते, म्हणजे गावितांच्या मतांपेक्षा सुमारे ७० हजारांनी जास्त.

हा आकडा दोन्ही पक्षांना कळला. त्याच दिवशी भंडारा-गोंदियाची जागा राष्ट्रवादीने जिंकली आणि उत्तर प्रदेशात कैरानात भाजप हरला. विरोधक एकत्र येत असताना मित्र गमावणे परवडणारे नव्हते. ६ जून २०१८ रोजी अमित शहा ‘मातोश्री’वर गेले. नंतरचे महिने शांतपणे बोलणी चालली. चार वर्षे रिकामे असलेले विधानसभेचे उपाध्यक्षपद नोव्हेंबरमध्ये सेनेचे विजय औटी यांना मिळाले, हे वारे फिरल्याचे चिन्ह होते. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी वरळीतील हॉटेलात शहा, ठाकरे आणि फडणवीस यांनी युती जाहीर केली. लोकसभेच्या २५ जागा भाजपला आणि २३ सेनेला, विधानसभेच्या जागा मित्रपक्षांना सोडून उरतील त्या समसमान. पदे आणि जबाबदाऱ्याही समान, असे फडणवीस यांनी त्या वेळी सांगितले. या शब्दांत मुख्यमंत्रिपद येते की नाही, हे कोणी स्पष्ट केले नाही.

या वाटणीत पालघर सेनेला गेले. भाजपचे विद्यमान खासदार गावित यांनी मार्च २०१९ मध्ये सेनेत प्रवेश केला आणि धनुष्यबाणावर निवडणूक लढवली. दहा महिन्यांपूर्वी ज्या वनगांना त्यांनी हरवले, ते आता त्यांच्याच पक्षात होते आणि थांबायला सांगितलेले होते. गावितांना ५,८०,४७९ मते मिळाली. बळीराम जाधव यांना या वेळी काँग्रेस, राष्ट्रवादी आणि माकपचा पाठिंबा होता. त्यांचा ८८,८८३ मतांनी पराभव झाला. मतदारसंघ पक्षाला दिला की उमेदवारही सोबत जातो, हे पालघरने पाहिले. रानशेतसारख्या गावातील मतदाराने वर्षभरात एकाच माणसाला दोन वेगळ्या चिन्हांवर मत मागताना पाहिले, आणि दोन्ही वेळा त्याच्या प्रश्नांची यादी तशीच राहिली.

लोकसभेत युतीला राज्यातील ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. विधानसभेला चार महिने उरले असताना, १६ जून २०१९ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी फडणवीस यांनी शेवटचा मोठा फेरबदल केला. तेरा जणांनी शपथ घेतली. काल-परवापर्यंत विरोधी पक्षनेते असलेले राधाकृष्ण विखे पाटील गृहनिर्माणमंत्री झाले. राष्ट्रवादीतून सेनेत आलेल्या जयदत्त क्षीरसागर यांना आणि तानाजी सावंत यांना सेनेच्या वाट्यातून कॅबिनेट मिळाले. आशीष शेलार यांना शालेय शिक्षण खाते मिळाले, ते विनोद तावडे यांच्याकडून काढून. रिपब्लिकन पक्षाचे अविनाश महातेकर राज्यमंत्री झाले. विखे, क्षीरसागर आणि महातेकर हे तिघे त्या वेळी कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत निवडून येण्याची घटनेतील मुभा आणि त्याआधीच येणारी निवडणूक, यांच्या मधल्या फटीत ही मंत्रिपदे बसवली गेली. नव्या मंत्र्यांच्या हाती उरलेले काम जेमतेम तीन महिन्यांचे होते. त्यामागचा हेतू प्रशासनाचा नव्हता, निवडणुकीपूर्वी जाती, विभाग आणि पक्षांतर केलेले नेते यांचे समाधान करण्याचा होता.

या दिवशी सहा मंत्र्यांना वगळण्यात आले : प्रकाश मेहता, विष्णू सवरा, राजकुमार बडोले, दिलीप कांबळे, प्रवीण पोटे आणि अम्ब्रीशराव आत्राम. मेहतांवर ताडदेवच्या पुनर्विकास प्रकरणात आरोप होते, त्यांचे जाणे अपेक्षितच होते. उरलेल्या नावांकडे पाहिले तर फार लक्षात न घेतली गेलेली गोष्ट दिसते. सवरा आदिवासी विकासमंत्री, आत्राम त्याच खात्याचे राज्यमंत्री. बडोले सामाजिक न्यायमंत्री, कांबळे त्याच खात्याचे राज्यमंत्री. म्हणजे आदिवासी आणि दलितांसाठीच्या दोन खात्यांचे कॅबिनेट आणि राज्यमंत्री, चौघेही एका दिवसात गेले. आदिवासी विकास यवतमाळ जिल्ह्यातील अशोक उईके यांच्याकडे आणि सामाजिक न्याय सुरेश खाडे यांच्याकडे गेले. चुकले असेल तर मंत्री बदलावेत. पण वनहक्काचे हजारो दावे, आश्रमशाळांतील मुलांचे प्रश्न आणि कुपोषण यांसारख्या दीर्घ कामांच्या खात्याला निवडणुकीच्या तोंडावर नवा मंत्री देणे, हे त्या खात्याला वाऱ्यावर सोडण्यासारखेच होते. पालघर जिल्ह्याने एकाच वर्षात खासदाराचा पक्ष बदललेला पाहिला आणि मंत्रीही गमावला.

२१ ऑक्टोबरच्या विधानसभा निवडणुकीत या सगळ्याचा हिशेब झाला. राज्यात भाजप १०५ आणि सेना ५६ अशी युतीला १६१ जागांची बहुमताची संख्या मिळाली. पालघर जिल्ह्यातील चित्र मात्र वेगळे होते. २०१४ मध्ये भाजपने डहाणू आणि विक्रमगड जिंकले होते. या वेळी डहाणूत भाजपचे पास्कल धनारे यांचा माकपच्या विनोद निकोले यांनी ४,७०७ मतांनी पराभव केला. विक्रमगडमध्ये सवरांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा राष्ट्रवादीच्या सुनील भुसारा यांच्याकडून हरले. पालघरची जागा सेनेने लोकसभेला थांबवलेल्या श्रीनिवास वनगांना दिली आणि ते आमदार झाले. जिल्ह्यात भाजपचा एकही आमदार उरला नाही.

मुंबईत त्याच वेळी युती मोडत होती. मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेण्याचे ठरले होते, असे सेना म्हणत होती. तसे काही ठरले नव्हते, असे फडणवीस यांनी २९ ऑक्टोबरला सांगितले. फेब्रुवारीत मोघम ठेवलेले वाक्य आता दोन्हीकडून वेगवेगळे वाचले गेले. ८ नोव्हेंबरला फडणवीस यांनी राजीनामा दिला, ११ ला सेनेचे अरविंद सावंत केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले, १२ ला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे अजित पवारांसह स्थापन झालेले फडणवीस यांचे सरकार तीन दिवस टिकले. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या साथीने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी सेना फोडली तेव्हा त्यांच्यासोबत गेलेल्या आमदारांत श्रीनिवास वनगाही होते.

विष्णू सवरा ९ डिसेंबर २०२० रोजी निवर्तले. २०२४ मध्ये भाजपने पालघरची लोकसभा स्वतःकडे घेतली, गावितांना थांबवले आणि डॉ. हेमंत सवरा यांना उभे केले. ते १,८३,३०६ मतांनी निवडून आले. गावित पुन्हा भाजपमध्ये गेले, मग ऑक्टोबरमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत आले आणि वनगांची उमेदवारी कापून पालघर विधानसभेची जागा त्यांना मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा महायुतीने जिंकल्या. सहावी डहाणूची होती. तिथे विनोद निकोले सुमारे पाच हजार मतांनी पुन्हा निवडून आले.